आईचा वारसा आणि आईचा दोष

मूल जन्माला आलें म्हणजे पांचव्या किंवा सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा करण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांतून अद्याप आहे. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवावयाची, दिवा रात्रभर तेवत ठेवावयाचा, आणि घरांतील वडील बायकांनीं जागत बसावयाचें. मध्यरात्रीं केव्हां तरी सटवाई येते, बाळाच्या कपाळीं त्याचा लेख लिहिते आणि निघून जाते. तो लेख मग कोणाला वाचतां येत नाहीं आणि पुसतांही येत नाहीं, अशी समजूत आहे. गिरगांवांतील चाळींत वाढलेल्या माणसाला ही रात्र वर्णन करून सांगावयास नको.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तोही एका लेखाचाच विषय आहे. फरक इतकाच कीं, हा लेख सहाव्या रात्रीं लिहिला जात नाहीं. आईच्या पोटांत गर्भ राहतो त्याच क्षणीं तो लिहून झालेला असतो, आणि तो कपाळावर नसून शरीराच्या पेशीपेशींत असतो. गेल्या कांहीं दशकांत तो वाचण्याची विद्या माणसाला अवगत झाली आहे. पुसण्याची मात्र अजून पुरती झालेली नाहीं. या लेखांत एखादी चूक राहून गेल्यामुळें कांहीं तान्ह्या मुलांच्या शरीरांतील शक्तीचा उगमच आटतो. त्या विकारांविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत; आणि त्या सांगतांना एका गैरसमजाचा विशेष समाचार घ्यावयाचा आहे. कारण तो गैरसमज त्या रोगाच्या खालोखाल क्रूर आहे.

एक कुटुंब कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. लालबागच्या एखाद्या जुन्या चाळींत दोन खोल्यांत राहणारें, सासू, मुलगा, सून आणि पहिलें नातवंड असें हें सुखी कुटुंब आहे. मूल सहा महिन्यांचें झालें, उष्टावण झालें. त्यानें मान धरली होती, तें कुशीवर वळत होतें, आजीला पाहून हंसत होतें. मग एके दिवशीं त्याला साधें पडसें होऊन ताप येतो. चार दिवसांनीं ताप उतरतो. पण मूल पूर्ववत् होत नाहीं. सांवरलेली मान पुन्हां ढळूं लागते. अंगावर दूध ओढण्याची ताकद राहत नाहीं. वरचेवर ओकारी होते, हातपाय सैल पडतात, डोळे एका जागीं ठरत नाहींत, झोपेंत श्वास अडखळतो. कधीं कधीं झटकेही येतात.

घरांत ज्याचा त्याचा तर्क सुरू होतो. कोणी म्हणतें, दृष्ट लागली; मीठमोहऱ्या उतरून टाकल्या जातात. कोणी म्हणतें, बाळंतिणीचें पथ्य चुकलें. कोणाला आठवतें कीं, पोटुशी असतांना ती ग्रहणांत बाहेर पडली होती. आणि सर्व तर्क थकले म्हणजे शेवटीं एक वाक्य हलक्या आवाजांत, पण तिला ऐकूं जाईल अशा बेतानें उच्चारलें जातें: “आमच्या घराण्यांत असलें कधीं नव्हतें. हिच्या माहेरचेंच कांहीं तरी असलें पाहिजे.”

हें कुटुंब मुलाला घेऊन परळच्या एखाद्या रुग्णालयांत जातें. तेथें मेंदूचा एम्. आर्. आय्. काढतात. मेंदूच्या खोल भागांत, डाव्या आणि उजव्या बाजूंस अगदीं सारख्याच जागीं, पेशी निकामी झाल्याच्या खुणा दिसतात. रक्तांत आणि पाठीच्या मणक्यांतून काढलेल्या पाण्यांत लॅक्टिक आम्लाचें प्रमाण वाढलेलें आढळतें. डॉक्टर आईबापांना समोर बसवून एक अपरिचित नांव सांगतात: ‘ली’ यांचा रोग.

हें नांव डेनिस ली या इंग्रज वैद्यावरून पडलें. सात महिन्यांच्या एका मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची सूक्ष्म तपासणी करून त्यांनीं १९५१ सालीं त्या रोगाचें पहिलें वर्णन प्रसिद्ध केलें. असा रोग सुमारें चाळीस हजार जन्मांत एका मुलाला होतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. तो बहुधा तीन महिने ते दोन वर्षें या वयांत प्रकट होतो, आणि पुष्कळ मुलें त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या आंतच दगावतात. त्याचें स्वरूप ली यांना दिसलें. पण त्याचें कारण त्या काळीं कोणालाच ठाऊक नव्हतें. तें कळण्यास आणखी कित्येक दशकें लागलीं.

तें कारण समजून घेण्यासाठीं आपण लालबाग-परळकरांच्या ओळखीच्याच जागेंत जाऊं. आपल्या गिरणगांवांतील गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थंड झाल्या, आणि त्यांच्या कित्येक चिमण्यांच्या जागीं आज उंच इमारती उभ्या आहेत. पण जुन्या गिरणीचें चित्र अजून पुष्कळांच्या आठवणींत असेल. कापूस भरपूर आला आहे, चात्या आणि माग सज्ज आहेत, कामगार पाळीवर हजर आहेत. परंतु बॉयलरांतच वाफ धरत नाहीं. मग काय होईल? प्रत्येक खातें आपापल्या परीनें निर्दोष असूनही सारी गिरणी हळूहळू बंद पडेल. आणि ज्या खात्याला शक्ति सर्वांत अधिक लागते, तें सर्वांच्या आधीं बंद पडेल.

आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशींत अशीं शेंकडों सूक्ष्म बॉयलरें असतात. त्यांना मराठींत तंतुकणिका आणि इंग्रजींत मायटोकाँड्रिया म्हणतात. आपण खाल्लेलें अन्न आणि श्वासावाटे घेतलेला प्राणवायु यांचा संयोग अखेरीस या कणिकांत होतो, आणि त्यांतून पेशीला वापरतां येईल अशी शक्ति निर्माण होते. प्रौढ माणसाचा मेंदू वजनानें शरीराच्या अवघा शेंकडा दोन. पण विश्रांतीच्या वेळींही शरीराच्या एकूण शक्तीपैकीं शेंकडा वीस भाग तो एकटा खातो. तान्ह्या बाळाचा मेंदू झपाट्यानें वाढत असतो, म्हणून त्याचा वाटा याहूनही पुष्कळ मोठा, निम्म्याहून अधिक असतो. तेव्हां तंतुकणिका दुबळ्या असल्या तर पहिला तडाखा मेंदूला कां बसतो, हें आतां लक्षांत येईल. साध्या तापाचें निमित्त कां होतें, तेंही यावरूनच उलगडतें. तापांत शरीराची शक्तीची मागणी वाढते आणि खाणें घटतें. सुदृढ मूल ही तूट भरून काढतें. ज्याच्याजवळ शिल्लकच नाहीं, तें मूल त्या चार दिवसांत दिवाळखोर होतें. आजार तापानें आलेला नसतो. तापानें तो केवळ उघडा पडतो.

आतां वारशाचा प्रश्न. येथेंच सारा घोटाळा आहे. म्हणून मी थोडें सावकाश सांगतों.

आपला बहुतेक सारा आनुवंशिक मजकूर पेशीच्या केंद्रांत असतो. त्याच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून आलेली. पण तंतुकणिकांजवळ त्यांचा स्वतःचा असाही एक छोटासा मजकूर असतो. तो १९८१ सालीं केंब्रिज येथें पहिल्यानें अथपासून इतिपर्यंत वाचला गेला. त्यांत १६,५६९ अक्षरें आणि अवघीं ३७ जनुकें आहेत. १९८८ सालीं लंडन आणि अटलांटा येथील संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, या छोट्या मजकुरांतील चुकांमुळेंही माणसाला रोग होतात. हा मजकूर बाळाला केवळ आईच्या बीजांडांतून मिळतो. बापाच्या बीजांतील तंतुकणिका गर्भधारणेनंतर नष्ट होतात.

एवढें ऐकल्याबरोबर कोणी म्हणेल, “पाहा, आम्ही म्हणत होतों तेंच शास्त्रही सांगतें! दोष आईकडूनच आला.” अर्धवट ज्ञान किती घातक असतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे. दृष्ट आणि ग्रहण यांवरचा विश्वास सुशिक्षित घरांतून कमी होत चालला आहे. पण त्यांच्या जागीं हें नवें शास्त्रीय वाक्य येऊन बसलें, तर त्या सुनेच्या दृष्टीनें काय फरक पडला? म्हणून पुढील तीन गोष्टी नीट ध्यानांत घ्या.

पहिली गोष्ट अशी. तंतुकणिकेची घडण करण्यासाठीं हजाराहून अधिक निरनिराळीं प्रथिनें लागतात. तिच्या स्वतःच्या मजकुरांत त्यांपैकीं अवघ्या तेरांची कृति आहे. बाकी सर्व कृति केंद्रांतील मोठ्या मजकुरांत, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेल्या मजकुरांत, लिहिलेल्या असतात. ली यांचा रोग शंभरांहून अधिक निरनिराळ्या जनुकांतील चुकांनीं होऊं शकतो. ज्या मुलांना तो होतो, त्यांच्यांतील सुमारें चारांपैकीं तिघांत चूक केंद्रांतील मजकुरांत असते. सर्फ-एक नांवाचें एक जनुक १९९८ सालीं या रोगाशीं जोडलें गेलें. तें अशाच प्रकारचें आहे. यांत बहुधा असें घडतें कीं, आईजवळ एक प्रत चांगली आणि एक चुकीची असते, बापाजवळही तसेंच. चांगल्या प्रतीवर दोघांचें काम उत्तम चालतें. दोघेंही ठणठणीत असतात. दोघांच्याही चुकीच्या प्रती ज्या मुलाच्या वाट्याला एकदम येतात, तेंच मूल आजारी पडतें. म्हणजे अशा घरीं बाप हा आईइतकाच वारसा देणारा असतो. तिच्यापेक्षां तिळभर कमी नाहीं कीं जास्त नाहीं. ‘आमच्या घराण्यांत असलें कधीं नव्हतें’ या म्हणण्याला कांहींच अर्थ नाहीं. तें पिढ्यान् पिढ्या तेथें होतें. जोडीदार भेटला नव्हता म्हणून निजून होतें, इतकेंच.

दुसरी गोष्ट. ज्या थोड्या कुटुंबांत चूक खरोखरच तंतुकणिकेच्या मजकुरांत असते, तेथेंही हिशोब सरळ नाहीं. एका पेशींत या मजकुराच्या शेंकडों-हजारों प्रती असतात, आणि त्या साऱ्याच बिघडलेल्या नसतात. शंभर बॉयलरांपैकीं तीस नादुरुस्त असले तरी गिरणी चालते. नव्वद नादुरुस्त झाले तर बंद पडते. ली यांचा रोग उत्पन्न करणारी या मजकुरांतील एक प्रसिद्ध चूक अशी आहे कीं, तिचें प्रमाण शेंकडा सत्तरांच्या खालीं असेल तर माणूस बहुधा निरोगी किंवा जवळजवळ निरोगी असतो, आणि तें नव्वदांच्या वर गेलें तर तान्हेपणींच हा रोग होतो. आईच्या बीजांडांत कोणत्या प्रती जातील हें नशिबावर असतें. तांदळाच्या पोत्यांत खडे थोडेच असले तरी एखादी मूठ नेमकी खड्यांचीच निघते, तसा हा प्रकार आहे. म्हणून एकाच आईचीं दोन मुलें सुदृढ आणि तिसरें आजारी, असें होऊं शकतें. कित्येकदां तर चूक आईंत मुळींच नसून बाळाच्या वेळींच नव्यानें उद्भवलेली असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. वारसा आणि दोष हे दोन शब्द वेगळे आहेत. जें आपण जाणून दिलें नाहीं, जें अडवतां येत नव्हतें, आणि जें आपल्यालाही आपल्या आईकडून न मागतां मिळालें, त्याचा दोष कोणावर ठेवणार? बाळंतपणांतील खाण्यानें, कामानें, चालण्यानें किंवा मनांतील विचारांनीं हे विकार होत नाहींत. आणि सासूबाईंनींही एक विचार करून पाहावा. आपला मुलगा जिन्याच्या पायऱ्या चढून येतो, आपल्याला हांक मारतो, त्याच्या अंगांतील ती सारी शक्ति ज्या तंतुकणिकांतून येते, त्या त्याला आपल्याकडूनच मिळाल्या आहेत. त्याबद्दल त्यांनीं कधीं श्रेय मागितलें नाहीं. मग त्याच वाटेनें आलेल्या दुर्दैवाचें अपश्रेय सुनेच्या पदरांत कां घालावें?

असे आनुवंशिक प्रश्न उलगडण्यांत आपल्या मुंबईचा हातभार लहान नाहीं. १९५२ सालीं डॉ. वाय्. एम्. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनीं एक नवाच रक्तगट जगापुढें मांडला. तो आज सर्व जगांत ‘बाँबे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. तो ज्या माणसांत असतो, त्यांना आईबाप दोघांकडून एकेक दबलेलें जनुक आलेलें असतें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत मुंबईचेच मज्जातंतुतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांनीं तान्हेपणीं डोकें प्रमाणाबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या एका मेंदुविकाराचा अभ्यास केला. हा तंतुकणिकांचा विकार नव्हे. पण त्यांतून मिळणारा धडा आपल्या विषयाचाच आहे. त्यांनीं अभ्यासिलेलीं मुलें अगरवाल समाजांतील होतीं. फार पूर्वींच्या कोणा एका पूर्वजापासून आलेली चूक, जातींतल्या जातींत विवाह होत राहिल्यामुळें, पुन्हां पुन्हां दोन्ही बाजूंनीं येऊन एकत्र मिळत होती. त्याचें जनुक २००१ सालीं सांपडलें. आज तो रोग व्हान डर नाप या डच विदुषीच्या आणि सिंघल यांच्या जोडनांवानें ग्रंथांतून उल्लेखिला जातो.

यावरून कोणा एका समाजाला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. आपल्याकडेही मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ जातींत आहे. आते-मामे भावंडांचा जनुकांचा आठवा हिस्सा समाईक असतो. म्हणून एकच चुकीची प्रत दोघांजवळ असण्याचा संभव परक्यांच्या मानानें बराच वाढतो. असें लग्न झालेल्यांनीं घाबरून जावें असें मी म्हणत नाहीं. त्यांचीं बहुतेक मुलें निरोगीच निपजतात. परंतु ज्या घरीं एखादें मूल अशा रीतीनें दगावलें आहे, त्या घरानें पुढील सोयरीक जुळवितांना नात्याबाहेर पाहावें, हें शहाणपणाचें आहे.

आतां तुम्ही विचाराल कीं, रोगावर हमखास औषध नाहीं, तर एवढ्या तपासण्यांचा खटाटोप कशासाठीं? मूल हातचें जात असतांना आईबापांनीं रक्ताचे नमुने कां देत बसावें? हा प्रश्न रास्त आहे. आणि त्याचीं उत्तरें मला फार महत्त्वाचीं वाटतात.

पहिलें उत्तर असें कीं, दिसावयास ली यांच्या रोगासारखे, पण औषधाला दाद देणारे कांहीं विकार आहेत. एका विकारांत थायमिन आणि बायोटिन या दोन जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा वेळींच दिल्या, तर मृत्यूच्या दारांतून मूल परत येऊं शकतें. आणखी एका प्रकारांत पिष्टमय अन्न अगदीं कमी करून स्निग्ध पदार्थांवर भर देणाऱ्या, वैद्यांच्या देखरेखीखालील आहारानें लाभ होतो. हीं औषधें महागडीं नाहींत. महाग आहे तो वाया गेलेला वेळ. म्हणून निदान पक्कें होईपर्यंत तीं जीवनसत्त्वें सुरू करून पाहण्याचा प्रघात जाणत्या वैद्यांत आहे. उलट, झटक्यांवर नेहमीं दिलें जाणारें व्हॅल्प्रोएट हें औषध यांतील कांहीं विकारांत यकृताला प्राणघातक ठरूं शकतें. तेव्हां रोगाचें नांव कळणें हें केवळ नांव कळणें नसतें.

दुसरें उत्तर उरलेल्या दिवसांविषयीं आहे. औषध नसलें तरी सेवा असते. अशा मुलाला फार वेळ उपाशी ठेवूं नये, ताप आला तर घरीं वाट न पाहतां तत्काळ वैद्यांस दाखवावें, गिळतां येत नसेल तर नळीनें दूध द्यावें, झटके आवरावेत, वेदना कमी करावी, हें सर्व करतां येतें. निदान झाल्यानें बुवा-बाबांच्या दारीं आणि एका दवाखान्यांतून दुसऱ्या दवाखान्यांत होणारी फरपट थांबते. तो वेळ आईच्या मांडीवर जातो. हें थोडें नव्हे.

तिसरें उत्तर पुढच्या मुलाविषयीं आहे. दोष केंद्रांतील मजकुरांत असेल, तर बहुधा प्रत्येक खेपेस चारांत एक असा धोका असतो. एक मूल आजारी झालें म्हणजे पुढलीं तीन सुटलीं, असा याचा अर्थ नाहीं. प्रत्येक वेळीं कवड्या नव्यानें पडतात. पण नेमकी चूक कळलेली असेल, तर गर्भ सुमारें अकरा आठवड्यांचा असतांना वारेचा सूक्ष्म अंश काढून तो रोगमुक्त आहे कीं नाहीं हें सांगतां येतें. १९९४ च्या कायद्यानें गर्भाचें लिंग सांगण्यास जी मनाई आहे, ती योग्यच आहे. परंतु अशा रोगांच्या तपासणीला तोच कायदा मान्यताप्राप्त केंद्रांत मुभा देतो. चूक तंतुकणिकेच्या मजकुरांत असेल, तर प्रमाणाच्या प्रश्नामुळें भाकीत कठीण होतें. तेथें अनुभवी समुपदेशकांचाच सल्ला घ्यावा. येथें एक कठोर, पण आवश्यक सूचना करतों. निदान होण्यापूर्वीं मूल दगावण्याची वेळ आली, तर त्याच्या रक्ताचा नमुना आनुवंशिक तपासणीसाठीं जपून ठेवण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करा. त्या दुःखाच्या घडीला हें बोलणें जड जातें. पण त्या चार थेंबांवर पुढच्या भावंडाचें आयुष्य अवलंबून असूं शकतें.

आणि हा नमुना देतांना बापानेंही आपला हात पुढें केला पाहिजे. तपासणीला आईला एकटीला पाठवून आपण बाहेरच्या बांकावर बसण्याची पुरुषांची संवय फार जुनी आहे. वर सांगितलेला चारांपैकीं तिघांचा हिशोब ऐकल्यावर तरी ती सुटावी. बापाचें रक्त तपासल्याशिवाय अर्धा लेख वाचलाच जात नाहीं.

कोठें जावें, असें विचारणाऱ्यांसाठीं सांगतों. परळला आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरांत १९२६ पासून के. ई. एम्. रुग्णालय आहे, त्याच वर्षीं सुरू झालेलें नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आहे, आणि १९२९ सालीं स्थापन झालेलें बाई जेरबाई वाडिया मुलांचें रुग्णालय आहे. मुंबईच्याच नव्हे, तर कोंकण-देशावरच्या कित्येक पिढ्यांतील मुलांची दुखणीं या रस्त्यानें पाहिलीं आहेत. भारत सरकारनें २०२१ सालीं दुर्मिळ रोगांविषयीं राष्ट्रीय धोरण जाहीर केलें, तेव्हां आरंभीं नेमलेल्या आठ विशेष केंद्रांत के. ई. एम्. चा समावेश होता. त्या धोरणांतील रोगांसाठीं अशा केंद्रांत एका रुग्णामागें ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ सालीं करण्यांत आली. आपल्या मुलाचा रोग त्या तरतुदींत बसतो किंवा नाहीं, हें प्रत्यक्ष केंद्रांतच विचारून घ्यावें. शेजाऱ्यांच्या सांगण्यावर आशा किंवा निराशा करूं नये.

विलायतेंत याहून पुढचें एक पाऊल पडलें आहे. ज्या स्त्रियांच्या तंतुकणिकांतच दोष आहे, त्यांच्यासाठीं तेथें २०१५ सालीं कायदा झाला. आईबापांच्या बीजांचें केंद्र काढून तें दुसऱ्या एका निरोगी स्त्रीच्या बीजांडांत ठेवावयाचें, म्हणजे तंतुकणिका त्या दुसऱ्या स्त्रीच्या येतात, अशी ती रीत आहे. न्यूकॅसल येथील वैद्यांनीं जुलै २०२५ मध्यें असें प्रसिद्ध केलें कीं, या रीतीनें आठ बाळें जन्माला आलीं असून तीं निरोगी आहेत. कांहींच्या अंगीं जुन्या तंतुकणिकांचा अल्प अंश उतरला आहे. म्हणून त्यांच्या प्रकृतीवर पुढें बरींच वर्षें लक्ष ठेवावें लागेल. वर्तमानपत्रांनीं त्यांना ‘तीन पालकांचीं बाळें’ म्हटलें. पण तिसऱ्या स्त्रीचा वाटा त्या ३७ जनुकांपुरताच असतो. रूप, रंग, स्वभाव यांत तिचा भाग नसतो. ही विद्या कौतुकास्पद आहे. परंतु दोष केंद्रांतील मजकुरांत असेल तेथें तिचा उपयोग नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

श्रोतेहो, आतां त्या लालबागच्या घराकडे परत जाऊं. समजा, तपासणी पुरी झाली, आणि दोष दोघांकडूनही सारखाच आला आहे असें कळलें. मूल त्यामुळें बरें होणार नाहीं. पण त्या दिवशीं घरीं परततांना नवऱ्यानें आपल्या आईजवळ बसून एवढें सांगितलें कीं, “आई, हें हिच्याकडून जितकें आलें, तितकेंच माझ्याकडूनही आलें आहे,” तर त्या घरांतील एका माणसाच्या उरावरचा धोंडा उतरेल. मूल गमावण्याचें दुःख कोणालाही चुकवितां येत नसेल. पण त्या दुःखावर अपराधाची डागणी देणें किंवा न देणें हें सर्वस्वी आपल्या हातीं आहे.

सटवाईच्या पाटावर आपण कोरा कागद ठेवतों. त्यावर काय लिहिलें गेलें, हें वाचण्याचा प्रयत्न आतां परळच्या रुग्णालयांतून होत आहे. पुढेंमागें या विकारांतील चुकीचें अक्षर सुधारण्याची विद्याही माणसाच्या हातीं येईल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. ती येईपर्यंत आपण निदान एवढें करूं या कीं, त्या कागदावर आपल्या हातानें आईचें नांव अपराधी म्हणून लिहिणार नाहीं.